दोन बोटं उजवीकडे

आमच्या बिल्डिंगमध्ये दुरुस्तीकाकांना "काय, कसं काय?" असं सहज विचारायची कुणाची छाती नव्हती. विचारलं की उत्तर मिळायचं. "डावा गुडघा सोडल्यास बरं आहे. गुडघ्यातही वाटी ठीक आहे, आतल्या बाजूला दुखतं. कालपर्यंत बाहेरच्या बाजूला दुखत होतं." एवढं होईपर्यंत विचारणारा जिना उतरून गेटापर्यंत पोचलेला असे. काका रिकाम्या जिन्याला उरलेलं उत्तर देऊन मगच आत जात.

त्यांचं आडनाव ओव्हाळ. उभी नोकरी टेलिफोन खात्याच्या तक्रार-दुरुस्ती विभागात झाली, म्हणून दुरुस्तीकाका, असं नव्यानं राहायला येणाऱ्यांना वाटे. जुन्या लोकांना खरं कारण ठाऊक होतं. हा माणूस समोर येईल ते दुरुस्त करायचा. सोसायटीच्या फळ्यावर 'उद्या पाणी येणार नाही' असं कुणी लिहिलं, की खाली बारीक अक्षरात यांची भर असे: 'सकाळी. संध्याकाळी येईल. कमी दाबाने.' दुसऱ्या मजल्यावरच्या एका साहेबांच्या एकसष्टीला सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, "साहेबांनी आज आयुष्याची एकसष्ट वर्षं पूर्ण केली." तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "साठ. एकसष्टावं आजपासून लागलं." साहेब एका वर्षानं तरुण झाले म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या कशासाठी वाजल्या, हे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

फोनसाठी लोक वर्षानुवर्षं वाट बघत, त्या काळात प्रतीक्षायादीचं रजिस्टरही यांच्याकडेच असे, आणि टेबलासमोर माणसं पेढे घेऊन उभी राहत. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, "बघतो, होऊन जाईल." काका रजिस्टर उघडत, बोट फिरवत आणि सांगत, "आपल्यापुढे सहाशे बारा जण आहेत. पेढे घेऊन जा, तोवर टिकणार नाहीत." लोकांना राग येई. पण त्याच लोकांपैकी काहींनी मला पुढे सांगितलं, की अख्ख्या खात्यात आपल्याला नक्की काय ते सांगणारा हा एकच माणूस होता. सहाशे बारा तर सहाशे बारा. पुढच्या महिन्यात गेलं की सहाशे नऊ.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत बुद्धाची पांढरी मूर्ती होती. रोज सकाळी आंघोळ झाली की तिच्यापुढे उभं राहून ते पंचशील म्हणत. मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, रोज तेच म्हणून कंटाळा नाही येत?" त्यावर म्हणाले, "पाचांतली चार शीलं मला सोपी गेली. चोरी करायला हिंमत लागते, ती नव्हती. दारूचा वास सहन होत नाही. अवघड ते चौथं. खोटं न बोलण्याचं. तोंड दिवसभर उघडंच असतं ना!"

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा पुण्यात जिकडेतिकडे सॉफ्टवेअर कंपन्या उघडत होत्या आणि त्यातल्या एकीत मी टेस्टिंगला लागले होते. नवरा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेला होता. सहा महिन्यांसाठी म्हणून गेला, दीड वर्ष झालं तरी फोनवर सहा महिनेच सांगत होता. (काका म्हणाले, "त्यांना 'अजून सहा महिने' म्हणायला सांगा. 'अजून' महत्त्वाचं आहे.") पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "टेस्टिंग म्हणजे नेमकं काय करता आपण?"

"दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधते आणि लिहून पाठवते."

"त्याचा पगार देतात?"

"हो."

"आणि ज्यांच्या चुका, ते रागावत नाहीत?"

"रागावतात की."

"तरीही देतात?" काकांनी दारातूनच आत काकूंना हाक मारली, "अहो, ऐकलंत का! या बाई माझंच काम करतात. पगार घेऊन!" त्या दिवसापासून मी त्यांच्या खात्यातली झाले, आणि काकूंच्या हातचं वरणभात-लोणचं मला लागू झालं.

मग खात्याचे दिवस फिरले. खासगी कंपन्या आल्या, मोबाइल आले, आणि आमच्या बिबवेवाडीच्या कोपऱ्यावर रंगीत छत्रीखाली टेबल मांडून पोरंटोरं फोन विकायला बसली. काका एकदा त्या छत्रीसमोर बराच वेळ उभे राहिले. वर येऊन मला म्हणाले, "ज्या वस्तूसाठी माझ्यासमोर माणसं रडली, ती आता भज्यांच्या गाडीशेजारी मिळते. चांगलं झालं. पण मला जरा बसू द्या." त्यांच्या खात्यात स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज निघाले. अर्जातल्या 'कारण' या रकान्यात सगळ्यांनी 'कौटुंबिक' लिहिलं. काकांनी लिहिलं, 'आता माझी गरज नाही.' कारकून म्हणाला, "साहेब, असं नका लिहू, वाचवत नाही." काका म्हणाले, "चूक असेल तर सांगा, खोडतो." त्याला चूक सापडली नाही.

घरी बसलेल्या काकांनी काकूंच्या डब्यांवरची लेबलं दुरुस्त करायला घेतली. 'तूरडाळ' च्या जागी 'तूरडाळ, निम्मी'. दोन दिवसांनी खोडून 'तूरडाळ, पाव'. काकूंनी महापालिकेच्या शाळेत सत्तावीस वर्षं गणित शिकवलेलं होतं. सहनशक्ती दांडगी होती, तरी तिला सीमा होती. महिन्याभरानं त्या बुधवार पेठेत गेल्या आणि जलरंगांची पेटी, ब्रश आणि जाड कागद घेऊन आल्या. पेटी काकांपुढे ठेवून म्हणाल्या, "हे घ्या. यात काय दुरुस्त करायचं ते करा. माझ्या डब्यांना हात लावायचा नाही."

काकांचा हात चांगला होता. आश्चर्य वाटावं इतका चांगला. पण ते दिसेल तेवढंच काढायचे. पहिलं चित्र कुकरचं. त्यावर पोचा आलेला, तोही काढला आणि शिट्टीवर राहिलेला बोटभर साबणाचा डागसुद्धा. दुसरं चित्र खिडकीतल्या कावळ्याचं. तो निम्मा काढून होतो न होतो तोच उडाला. चोच, डोळा, मान आणि अर्धं पोट एवढाच कावळा कागदावर राहिला. मी म्हटलं, "काका, शेपूट पुरी करा ना, कावळ्याला शेपूट असतेच." काका म्हणाले, "असेल. मी पाहिली नाही." तो अर्धा कावळा चौकटीत बसवून त्यांनी भिंतीवर लावला. पाहुणे त्याच्याकडे बघून चहा संपवत आणि काही न बोलता निघून जात.

डिसेंबरच्या शेवटी आमची कंपनी आठवडाभर बंद असे. मी नुकतीच छोटी गाडी घेतली होती. काका-काकूंना म्हटलं, चला, कुठंतरी मोकळ्या हवेत जाऊ. लोणी काळभोरच्या पुढे एका वाडीत सोपान नावाच्या शेतकऱ्यानं शहरातल्या लोकांना राहायला चार खोल्या बांधल्या होत्या. कृषी पर्यटन हे तेव्हा नवीनच निघालं होतं. पुण्यातली माणसं तिथं जाऊन कांदे उपटत, म्हशीची धार काढायचा प्रयत्न करत, पिठलं-भाकरी खात आणि वर सोपानचे आभार मानत. सोपानला याचं एवढं नवल वाटे, की तो बांधावर उभा राहून नुसता बघत असे.

पहिल्या सकाळी मी आणि काका कालव्याच्या कडेनं फिरायला निघालो. थंडी होती. पाण्यावर वाफ होती. डावीकडे सोपानचा ऊस, उजवीकडे त्याच्या चुलतभावाचं, दगडूचं, कांद्याचं रान, आणि दोघांच्या मधून सरळ लांब जाणारा बांध. बांधावर एक जुनं जांभळाचं झाड. झाडाच्या मागे दगडी कठड्याची विहीर, आणि त्याच्याही मागे टेकडी. दगडूच्या रानाच्या कडेला एक म्हैस काही काम नसल्यासारखी उभी होती. काका थांबले. म्हणाले, "हे काढतो." आणि कालव्याच्या भिंतीवर बसले.

ते चित्र काही केल्या जमेना. झाड नेमकं विहिरीच्या पुढ्यात होतं. कठड्याची दोन टोकं तेवढी खोडाच्या दोन्ही बाजूंनी डोकावत होती. दारात कुणी पाठ करून उभं राहिलं की आतलं काही दिसत नाही, तसं ते चित्र दिसे. काकांनी तीन कागद फाडले. दुसऱ्या सकाळी आणखी दोन. तिसऱ्या सकाळी मी सहज म्हणाले, "काका, झाड जरा उजवीकडे घ्या ना. दोन बोटं."

काका माझ्याकडे बघत राहिले. "ते झाड आहे. स्टूल नाही."

"चित्रात घेता येतं की."

"आणि उद्या कुणी ताडून बघितलं तर?"

"जांभळाचं झाड ताडून बघायला कोण येणार आहे, काका?"

ते उठले. कालव्याच्या कडेनं बरंच लांब चालत गेले आणि परत आले. बसले. डाव्या हाताची दोन बोटं कागदावर ठेवली, त्यांच्या पलीकडे पेन्सिल टेकवली आणि खोड ओढलं. नऊच्या सुमाराला रंग भरून झाले. झाड बाजूला सरल्याबरोबर विहीर मोकळी झाली होती. तिच्या कठड्यावर ऊन आलं होतं, मागची टेकडी निवांत पसरली होती, आणि म्हैससुद्धा आता कशाची तरी वाट बघते आहे असं वाटत होतं. काकूंनी चित्र हातात घेतलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही. काका म्हणाले, "खोटं आहे ते. मग इतकं बरं का दिसतंय?"

खालच्या कोपऱ्यात त्यांना 'टीप : झाड मूळ जागी नाही' असं लिहायचं होतं. काकूंनी पेन्सिल काढून घेतली. "चित्राला टीप नसते. जेवायला चला." निघताना काकांनी चित्र सोपानला देऊन टाकलं. "हे इथलं आहे, इथंच राहू दे." गाडीत बसल्यावर हळूच म्हणाले, "घरी नको होतं. त्याच्याकडे बघवत नाही मला." सोपाननं ते काच लावून जेवणाच्या छपरात टांगलं.

दोन वर्षांनी एका रविवारी सोपान दारात उभा राहिला. बरोबर पेरूंची पाटी आणि काखेत ते चित्र. काकांनी मला हाक मारली, काकूंनी चहा टाकला, आणि सोपान सांगू लागला. त्या बाजूला मोठी कंपनी येणार अशी हवा उठली होती. मोटारीतून माणसं येऊन रानं बघून जात होती. त्यातच कालव्याच्या रस्त्याचं काम निघालं, जेसीबी आला आणि बांध सपाट करून गेला. जांभळाचं झाडही मुळासकट गेलं. आता विहीर कुणाच्या हद्दीत, यावरून सोपान आणि दगडू बोलायचे बंद झाले होते. मोजणीची तारीख लांब होती. जुना नकाशा काढला, तर विहिरीचा ठिपका जिथं असायला हवा नेमकी तिथंच घडी पडून कागद फाटलेला.

"पण बांध कुठनं जात व्हता ते समद्यांना ठावं हाय," सोपान म्हणाला. "झाड बांधावर व्हतं. आन् झाड कुठं व्हतं, ते हितं हाय." त्यानं चित्रावर बोट ठेवलं. "झाडाच्या डाव्या अंगाला विहीर. डावं अंग माझं. झालं की! दगडू म्हणतो, चित्रात कायबी काढत्यात. मी म्हणलं, फोनवाले काका मरतील पर खोटं नाय सांगायचे. काका, येत्या रविवारी देवळापुढं समदी बसणार हायेत. तुमी फकस्त येऊन म्हणायचं, हे मी डोळ्यांनी बघून काढलंय."

काकांनी बशी खाली ठेवली. ते एवढंच म्हणाले, "मी येईन."

सोपान गेल्यावर काकू म्हणाल्या, "त्याला आत्ताच का नाही सांगितलंत?" काका म्हणाले, "एकट्याला सांगितलं तर ते त्याच्या खिशात राहील. दोघांसमोर सांगायला हवं." मी पेरूंकडे बघत होते. कुणीच माझ्याकडे बघितलं नाही.

रविवारी मीच गाडी चालवली. देवळासमोर मांडव घातला होता. मध्यभागी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चित्र ठेवलं होतं आणि कुणीतरी त्याला झेंडूचा हार घातला होता. वाडीतले गुरुजी फूटपट्टी आणि वही घेऊन बसले होते. त्यांनी एक युक्ती काढली होती. चित्रात म्हैस आहे. खरी म्हैस मोजायची, चित्रातली म्हैस मोजायची, आणि त्यावरून चित्रातला एक इंच म्हणजे जमिनीवर किती फूट ते काढायचं. ऐकून काकूंनी मान हलवली. गणित म्हणून रीत बरोबर होती.

सोपाननं आपली म्हैस आणली. दगडू उभा राहिला. "ती म्हस माझी हाय. शिंगं बघा." चित्रातली शिंगं बघण्यात बराच वेळ गेला. शेवटी दगडूचीही म्हैस आली. दोघींना सरळ उभं करायला प्रत्येकी चार माणसं लागली, कारण एक जण टेप लावायला गेला की म्हैस वळून त्याच्याकडे बघे. सोपानच्या म्हशीच्या हिशेबानं बांध विहिरीच्या उजवीकडून गेला. दगडूच्या म्हशीच्या हिशेबानं तो कालव्याच्या पाण्यात आला. गुरुजींनी वही उलटी करून पाहिली. मग म्हणाले, "म्हैस तिरपी उभी असावी."

मांडवात गलका झाला. तेवढ्यात काका उठले. त्यांना गुडघ्यामुळे नीट उठता येईना, काकूंनी हात दिला.

"थांबा," काका म्हणाले. "म्हशी सोडा. हे चित्र चूक आहे. झाड मी सरकवलं."

म्हशी धरून उभ्या असलेल्यांनी दोर सोडले. म्हशी जागच्या जागी रवंथ करू लागल्या.

"सरकवलं म्हंजी?" सोपाननं विचारलं.

"जिथं होतं तिथं काढलं नाही. उजवीकडे काढलं."

"का पर?"

"चांगलं दिसावं म्हणून."

दगडू उसळला. "चांगलं दिसावं म्हून माझी विहीर दिली व्हय याला? सोपान्यानं सांगितलं आसंल तुमास्नी!"

"सोपानला यातलं काही माहीत नव्हतं."

"मग कुनी सांगितलं?"

मी माझ्या चपलांकडे बघत होते. उजव्या चपलेचा पट्टा सुटत आला होता, हे मला आजही आठवतं. चुका शोधून लिहून पाठवायचा मी पगार घेत होते. उठून एक वाक्य बोलायचं होतं. काका म्हणाले, "पेन्सिल माझ्या हातात होती."

मग गुरुजींनी विचारलं, "किती सरकवलं?"

"दोन बोटं."

मांडवाच्या कडेला सोपान आणि दगडूची म्हातारी चुलती बसली होती. ती तिथून ओरडली, "कुनाची दोन बोटं?"

"माझी," काका म्हणाले, आणि डावा हात पुढे केला. गुरुजींनी काकांची दोन बोटं फूटपट्टीवर ठेवून मोजली, काचेवर खुणा केल्या आणि झाड खडूनं परत डावीकडे आणलं. ते बरोबर विहिरीच्या मध्यावर येऊन उभं राहिलं. कठड्याचं एक टोक इकडे, एक तिकडे.

काका दोघांकडे वळले. आवाज चढलेला नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "मी तीन दिवस पाहुणा होतो. तुम्ही दोघं जन्मभर त्या झाडाखाली बसलात. ते कुठं होतं, हे तुम्हाला माझं चित्र बघून का ठरवावं लागतंय?"

सोपान देवळाच्या कळसाकडे बघायला लागला. दगडू म्हशीच्या पाठीवरची माशी हाकलायला लागला. चुलती म्हणाली, "विहिरीम्होरंच व्हतं झाड. तुमच्या बापांनी दोघांत मिळून खांदली ती. समद्यांना ठावं हाय, बोलतंय कोन?" त्यानंतर फारसं काही उरलंच नाही. विहीर दोघांची ठरली. पंपाच्या पाळ्या लावल्या, सोम-बुध-शुक्र सोपान, मंगळ-गुरू-शनि दगडू. रविवारचं काही ठरेना, म्हणून रविवार पुढच्या बैठकीवर टाकला.

निघताना आम्हाला चहासुद्धा कुणी विचारला नाही. सोपाननं चित्र काकांच्या हातात दिलं ते त्यांच्याकडे न बघता. काका गाडीत ते मांडीवर पालथं ठेवून बसले. हडपसर आलं तशी मी म्हणाले, "काका, मी..."

"रस्त्याकडे बघा," काका म्हणाले. "ट्रक आहे."

मार्केट यार्डाकडे जाणारे बटाट्याचे ट्रक होतेच. मी रस्त्याकडे बघितलं. बिल्डिंगच्या गेटाशी उतरल्यावर मात्र काका खिडकीशी वाकून म्हणाले, "त्यांनी विचारलं होतं. मी उत्तर दिलं, पण पुरतं दिलं नाही. म्हणजे आता माझी खोटी दोन झाली." आणि लंगडत जिना चढून गेले. 

पुढच्या महिन्यात त्यांनी तेच चित्र पुन्हा काढलं, झाड मूळ जागी ठेवून, आणि पोस्टानं वाडीला पाठवलं. पंधरा दिवसांनी सोपानचा फोन आला. त्याचं बोलणं फोनबाहेर मलाही ऐकू येत होतं. "काका, खरं चित्र पावलं. पंचायतीचा शिक्का मारून कपाटात ठेवलंय. पर ते पयलं परत द्या. भिंत लई रिकामी दिसतीया." काका गोंधळले. "अहो, ते खोटं आहे हे तुम्हाला माहीत आहे." सोपान म्हणाला, "ठावं हाय की! समद्यांना ठावं हाय. दगडूच म्हणला, मागून घे."

काका त्या दिवशी जेवायला उशिराच बसले. मग काकूंना म्हणाले, "खोटं आहे हे माहीत असून त्यांना तेच हवंय. हे कसं?" काकू भात वाढत म्हणाल्या, "कारण ते खोटं नाहीच. ते चित्र आहे. किती वेळा सांगायचं?" दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा वाडीला पाठवायचं पहिलं चित्र दाराशी बांधून ठेवलं होतं, काकांनी भिंतीवरचा कावळा खाली उतरवला होता आणि त्याची राहिलेली शेपूट काढत होते. मला बघून जरा लाजले. "अंदाजानं काढतोय," म्हणाले. "चुकली तर सांगा."

त्यानंतर चार वर्षांनी काका गेले. दोनच दिवस हॉस्पिटलात होते. नर्सनं विचारलं, "आजोबा, कसं वाटतंय?" तर म्हणे त्यांनी तिला सगळं क्रमानं सांगितलं, आणि ती पोरगी शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली. काकूंनी हे मला तीनदा सांगितलं. तेवढंच सांगताना त्यांचा आवाज बरा असे.

काकांच्या आठवणीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सोसायटीचा हॉल भरला होता. सोपान आणि दगडू सकाळच्या बसनं आले होते, दोघांच्या डोक्याला कडक टोप्या. सोसायटीचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. म्हणाले, "ओव्हाळसाहेब आयुष्यात एकदाही खोटं बोलले नाहीत." मागून दगडू उठला. "एकदा बोलले. आमच्या विहिरीबद्दल. पर सोताच येऊन सांगितलं. आपल्यातलं कोन सांगतंय?" लोक माना वळवून त्याच्याकडे बघू लागले.

मी कधी उभी राहिले ते मला कळलं नाही. "झाड सरकवा, असं त्यांना मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "दोन बोटं. ते तयार नव्हते. तीन दिवस दिसेल तसंच काढत होते. वाडीत विचारलं तेव्हा त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मी बोलले नाही."

 मग सोपान बसल्या जागेवरून म्हणाला, "आमाला ठावं हाय, ताई."

"कसं?"

"समदी मानसं काकांकडं बघत व्हती. तुमी एकल्या चपलांकडं."

काकूंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. त्यांचा हात कोरडा आणि गरम होता. कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

दुपारी मी दोघांना हडपसरच्या बसस्टॉपवर सोडायला गेले. मागच्या सीटवर त्यांचं रविवारच्या पाण्यावरून भांडण चाललं होतं. ती बैठक अजून व्हायचीच होती. स्टॉपवर उतरल्यावर दगडू खिडकीशी आला.

"ताई, एक सांगायचं राहिलं. गेल्या आखाडात आमी नवं जांभूळ लावलं."

"विहिरीसमोर?"

"नाय. चित्रात हाय तितं. उजवीकडं, माझ्या रानात." तो टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिला. "बांध बांधाच्या जागंवर हाय, त्याचं काय नाय. पर रोज जेवताना चित्र बघून बघून आता झाड तितंच बरं दिसतंय."

"काकांना सांगितलं होतं?" मी विचारलं.

सोपान बसच्या पायरीवर चढला होता. तिथून म्हणाला, "नाय सांगितलं. सांगितलं असतं तर बोटं घेऊन मोजाया आले असते."

बस सुरू झाली. दगडू एक पाय पायरीवर ठेवून मागे वळला.

"आले असते," तो म्हणाला. "सांगाया पायजे व्हतं."